हॅमस्टरच्या पायाखाली काय? अलेप्पोचं शेत, लॅबमधले उंदीर आणि माझी बुंदी

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलो होतो तेवढं गाळलंय, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय ऐकून तुम्ही हसणार आहात. मलाही आधी हसूच आलं होतं. आपण इथे लढाया, तह, राजघराणी वगैरे नेहमीच बोलतो. आज मी बोलणार आहे हॅमस्टरच्या पिंजऱ्यात खाली जे पसरतात त्याबद्दल. भुसा, कागद, गवत, कापूस, जे काही असेल ते. इंग्रजीत त्याला बेडिंग म्हणतात, आपण अंथरूण म्हणू. या अंथरुणाला इतिहास आहे, आणि तो साधासुधा नाहीये. त्यात सीरियातलं गव्हाचं शेत आहे, काला आजार आहे, वेळेआधीच जागे झालेले उंदीर आहेत आणि एक न सुटलेलं भांडण आहे. आणि त्यात थोडा मीही आहे.

लाडू

माझ्याबद्दल आधी सांगतो, म्हणजे हा विषय डोक्यात कुठून आला ते कळेल. तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतला. एकटाच. घरून काम, दिवसभर स्क्रीन, बोलायला कोणी नाही. कुत्रा ठेवायला घरमालकाची ना. मग एका दुकानातून हॅमस्टर आणला. सोनेरी, गुबगुबीत. नाव ठेवलं लाडू.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं. सुतारकाकांकडे रोज पोतंभर भुसा निघायचा. मी म्हटलं, काका, हा टाकून देता का? ते म्हणाले, घेऊन जा की, मला तेवढाच उचलायचा ताप कमी. मी खूश! फुकटात अंथरूण, वर कचराही कमी झाला. मित्रांना फोटोसुद्धा पाठवले.

लाडू शिंकायचा. मला ते गोड वाटायचं. रात्रभर तो पिंजऱ्याच्या तारा कुरतडायचा, कट् कट् कट्. मी त्याचा व्हिडिओ काढून रील टाकली, खाली लिहिलं, 'जेल तोडायची तयारी'. भरपूर लाइक आले. साधारण दहा महिन्यांचा असताना एका सकाळी लाडू उठलाच नाही. हॅमस्टर दोन-तीन वर्षं जगतो. मी मनाला समजावलं, छोटा जीव, असतं असं.

वर्षभराने बुंदी आली. या वेळी मी शहाणा झालो होतो, असं मला वाटत होतं. दुकानातून विकतचं अंथरूण आणलं, छान सुवासाचं, लाकडी छिलक्यांचं. बुंदीही शिंकायला लागली. या वेळी मात्र मी तिला उचलली आणि लहान प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी बुंदीला तपासायच्याही आधी मला विचारलं, "खाली काय घालता?"

म्हटलं, "भुसा."

"कसला?"

आता भुसा तो भुसा, त्यात कसला काय? मला सांगताच येईना. त्या दोन शब्दांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी १९३० सालापर्यंत मागे गेलो. चला, तुम्हालाही नेतो.

अलेप्पोचं शेत

आपण ज्याला सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर म्हणतो, त्याची शास्त्रीय नोंद केली लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस यांनी, १८३९ मध्ये, अलेप्पोहून आलेल्या एका मृत नमुन्यावरून. त्याच्याही आधी अलेप्पोत राहिलेल्या रसेल नावाच्या दोन डॉक्टर भावांच्या पुस्तकात, १७९४ च्या आवृत्तीत, गालाच्या पिशव्यांत धान्य भरून नेणाऱ्या या प्राण्याचा उल्लेख आलाय. त्यानंतर मात्र हा प्राणी जवळपास विसरलाच गेला.

त्याची गरज पडली ती एका आजारामुळे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर नावाचे परजीवीशास्त्रज्ञ होते. ते लीशमॅनियासिसवर काम करत होते. हा शब्द परका वाटेल, पण त्याचा एक प्रकार आपल्याकडे काला आजार म्हणून ओळखला जातो. बिहार, बंगाल, आसाम या भागांत त्याने किती घरं रिकामी केली ते आठवा. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात त्यावर युरिया स्टिबामाइन हे औषध काढलं ते याच आजारावर. तर ॲडलर यांना प्रयोगासाठी हॅमस्टर हवे होते. चिनी हॅमस्टर वापरले जायचे, पण ते लॅबमध्ये पिल्लंच घालेनात, आणि दर वेळी चीनहून मागवायचे म्हणजे मोठी कटकट. मग जवळपासच मिळणारा हॅमस्टर शोधायचं ठरलं.

हे काम आलं इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाकडे. एप्रिल १९३० मध्ये ते अलेप्पोला गेले. स्थानिक वाटाड्याच्या ओळखीने तिथल्या शेखशी बोलणं झालं, मजूर मिळाले आणि एका गव्हाच्या शेतात खणायला सुरुवात झाली. शेताचा बराच भाग उकरला गेला. शेवटी खोल मातीत एक घरटं लागलं, त्यात आई आणि ११ पिल्लं. अहारोनींच्या आठवणीप्रमाणे ते ८ फूट खोल होतं.

आता हा आकडा लक्षात ठेवा, ८ फूट. पुढे परत येणार आहे.

पुढची गोष्ट जरा जड आहे. हाताळणीने घाबरलेल्या आईने जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाला मारलं. बाकीची वाचावीत म्हणून अहारोनींनी आईलाच मारलं, आणि डोळेही न उघडलेली पिल्लं पती-पत्नीने हाताने वाढवली. मग ती विद्यापीठातल्या प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाखेम यांच्याकडे दिली.

इथे, मंडळी, अंथरूण पहिल्यांदा गोष्टीत येतं. किंवा खरं तर फळी येते. पिल्लं ठेवली त्या पिंजऱ्याचा तळ लाकडी होता. सकाळी बघतात तर निम्मी गायब! लाकूड कुरतडून पसार झाली होती. जी उरली त्यात भांडणं. सगळी मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी राहिली. अख्खी मोहीम बुडायची वेळ आली.

मग बेन-मेनाखेम यांनी एक साधी गोष्ट केली. जाळीचा मोठा पिंजरा घेतला आणि त्यात गवत भरलं, घट्ट दाबून, वर उजेडापुरती थोडीशी जागा सोडून. आधी त्यात मादी सोडली. एक-दोन दिवसांनी नर सोडला. मादीला गवतात घुसायला, लपायला, बोगदा काढायला जागा होती. समोरासमोर मारामारी न होता पाठलाग झाला, आणि जोडी जमली. वर्षभरात तिथे साधारण १५० हॅमस्टर झाले.

मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बाजूला ठेवला. काय गंमत आहे बघा. ज्या प्राण्याचा पिंजऱ्यातला वंश लाकडी फळीवर संपत आला होता, तो दाबून भरलेल्या गवतात सुरू झाला. म्हणजे पिंजऱ्यातला हॅमस्टर जगाच्या इतिहासात आलाच मुळी खोल अंथरुणामुळे. आणि नेमकी हीच गोष्ट पुढची कित्येक दशकं सगळे विसरले.

खिशातून जगभर

१९३१ मध्ये ॲडलर काही हॅमस्टर कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला घेऊन गेले. हो, खरंच खिशात. तिथून ते इतर प्रयोगशाळांत पसरले, १९३८ मध्ये अमेरिकेत पोचले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते घरोघरी जाऊ लागले. अलाबामातल्या मोबील गावात अल्बर्ट मार्श नावाच्या माणसाने गल्फ हॅमस्टरी काढली आणि जाहिराती देऊन हॅमस्टर पाळा, वाढवा, विका असा धंदाच उभा केला.

१९७१ मध्ये पुन्हा जंगली हॅमस्टर अलेप्पोहून अमेरिकेत नेले गेले, पण तोपर्यंतचे चार दशकांतले सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका घरट्याचे वंशज. म्हणजे आपल्याकडे दुकानात दिसणारा सोनेरी हॅमस्टर बहुतेक करून त्याच गव्हाच्या शेतातला नातवंड-पतवंड. छोटे ठेंगणे, रोबोरोव्हस्की वगैरे, ही वेगळी जात, त्यांचा इतिहासही वेगळा.

हॅमस्टर पसरला तो लॅबमधून, त्यामुळे त्याला पाळायची पद्धतही लॅबमधूनच आली. छोटी पेटी, पाण्याची बाटली, तळाला दोन-तीन बोटं भुसा. हे कोणी हॅमस्टरला विचारून ठरवलं नव्हतं. धुवायला सोपं, रचायला सोपं, मोजायला सोपं. भुसा कुठला? जवळच्या लाकूड कारखान्यात जो निघेल तो. अमेरिकेत मुबलक होतं पाइन आणि सीडर. सीडरचा तर सगळ्यांना मोह. वास छान, मुताचा वास झाकला जातो, आणि कीडही लांब राहते. कपडे ठेवायच्या पेट्या सीडरच्या करायचे ते याचसाठी.

इथे एक छोटी भानगड सांगतो. अमेरिकेत ज्याला लाल सीडर म्हणतात ते खरं सीडर नाहीच. पूर्वेकडचं लाल सीडर हे जुनिपर आहे, ज्याच्या एके काळी पेन्सिली बनत. पश्चिमेकडचं लाल सीडर तिसरंच झाड, थुजा. खरा सीडर म्हणजे आपल्या हिमालयातला देवदार. त्यामुळे पाकिटावर 'सीडर' लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते कळत नाही. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, तो वास. आणि वास म्हणजे हवेत उडणारी रसायनं. कीड ज्याच्यापासून पळते तेच आपला छोटा जीव रात्रंदिवस नाकाने ओढत असतो, नाक जमिनीपासून अर्ध्या इंचावर ठेवून.

लवकर जागे झालेले उंदीर

१९६६ मध्ये फर्ग्युसन नावाच्या संशोधकाने एक निरीक्षण छापलं. उंदरांना झोपेचं औषध दिलं की ते ठरावीक वेळ झोपतात. पण लाल सीडरच्या छिलक्यांवर ठेवलेले उंदीर लवकर जागे होत होते. औषध तेच, डोस तोच. बदललेलं काय? फक्त अंथरूण.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इलियट व्हेसेल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्यामागचं कारण दाखवलं. लाल सीडर, पांढरं पाइन आणि पाँडेरोसा पाइन यांच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषध फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, वाढलेली होती. यकृत जादा कामाला लागलं होतं, म्हणून औषध लवकर संपत होतं. मग त्याच प्राण्यांना बीच, बर्च आणि मेपल या कठीण लाकडांच्या मिश्र भुशावर ठेवलं, तर यकृत पुन्हा पूर्ववत झालं.

सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनो, तुम्हाला हे लगेच पोचेल. तुम्ही कोड तपासताय, लॉग बघताय, रात्र-रात्र डोकं फोडताय, आणि शेवटी कळतं की एका सर्व्हरवर कॉन्फिग वेगळी होती, जिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. अंथरूण ही ती कॉन्फिग होती. जगभरात कित्येक औषधांचे प्रयोग उंदरांवर झाले, एका लॅबचा निकाल दुसरीशी जुळेना, आणि त्यामागचं एक कारण पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं असू शकतं हे व्हेसेल यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर मी पण व्हॉट्सॲपवाला होईन. यकृतातली एन्झाइम वाढली म्हणजे प्राणी आजारी पडला असं नाही. एवढंच सिद्ध झालं की तो वास फक्त नाकापाशी थांबत नाही, शरीरात आतपर्यंत पोचतो आणि तिथे काहीतरी बदलतो. माणसांच्या बाबतीत पश्चिमेकडच्या लाल सीडरचा पुरावा जास्त थेट आहे. त्या लाकडाच्या कारखान्यांतल्या कामगारांना दमा होतो, आणि त्यामागे प्लिकॅटिक ॲसिड हा लाकडातलाच घटक आहे, हे नोंदलेलं आहे.

न सुटलेलं भांडण

आता येतो मला सगळ्यात जास्त छळणारा भाग.

१९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन सॅबाइन यांना एक विचित्र गोष्ट दिसली. उंदरांचा एक वाण अमेरिकेत वाढवला की त्यात गाठी, म्हणजे ट्यूमर, भरपूर व्हायच्या. तोच वाण ऑस्ट्रेलियात वाढवला की फारच कमी. रक्त तेच, देश वेगळा. सॅबाइन यांनी अमेरिकेतून सीडरचे छिलके आणि उंदरांचं खाणंही मागवलं, तर ऑस्ट्रेलियातही गाठींचं प्रमाण वाढलं. १९७५ च्या लेखात त्यांनी थेट सीडरकडे बोट दाखवलं.

झालं, गुन्हेगार सापडला! पण थांबा. त्याच वर्षी, १९७५ मध्येच, अमेरिकेतल्या हेस्टन यांनी तोच वाण घेऊन मुद्दाम चाचणी केली. त्यांना सीडरचा काही परिणाम दिसला नाही. त्यांचं म्हणणं, फरक इतर गोष्टींमुळे असू शकतो, उंदरांनी किती खाल्लं, अंगावर उवा-गोचिडांसारखे परजीवी होते का, वगैरे.

इंटरनेटवर आज कुठेही बघा, पहिली अर्धी गोष्ट सांगतात. "सीडरने कॅन्सर होतो, सिद्ध झालंय." दुसरी अर्धी कोणी सांगत नाही. मला मात्र दुसरी अर्धी वाचताना लाडू आठवत होता. मी त्याला फुकटचा भुसा घातला. तो शिंकायचा. तो गेला. या तीन वाक्यांच्या मध्ये 'म्हणून' घालायचा का? मनाला घालायचा असतो. कधी स्वतःला शिक्षा करायला, कधी मोकळं व्हायला. पण एका हॅमस्टरवरून 'म्हणून' सिद्ध होत नाही. तिथे तर दोन देशांतल्या शास्त्रज्ञांचं उंदरांवर प्रयोग करूनही एकमत झालं नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट मी टाळू शकत नाही. तो भुसा कशाचा होता ते मी नंतर सुतारकाकांना विचारलं. ते सहज म्हणाले, "प्लायचा, एमडीएफचा, थोडा सागवानाचा. आता अख्खं लाकूड कोण वापरतं?" प्लायवूड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचे पापुद्रे नाहीतर चुरा, फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले. त्याची धूळ सुतारकाकांनासुद्धा त्रासदायक, म्हणून ते तोंडाला फडकं बांधून काम करायचे. ते फडकं मी रोज बघत होतो! आणि तीच धूळ मी मूठ-मूठ भरून लाडूच्या घरात पसरत होतो. त्याने तो गेला की नाही, सांगता येणार नाही. त्याला त्याचा त्रास होत होता, हे मात्र तो शिंकून शिंकून मला सांगत होता.

बाकीचे उमेदवार

लाकूड नको म्हटल्यावर लोक दुसरीकडे वळले, आणि प्रत्येक ठिकाणी नवा धडा मिळाला.

मक्याच्या कणसाचा चुरा घ्या. लॅबमध्ये लोकप्रिय, स्वस्त, ओल शोषणारा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मार्कावेरिच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या चुऱ्यावर ठेवलेल्या उंदरांचं प्रजनन बिघडत होतं, कारण मक्यातलेच काही घटक हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करत होते. परत तीच गोष्ट, ज्याला कोणी मोजत नव्हतं तेच मोजमाप बिघडवत होतं. शिवाय घरी हा चुरा ओला राहिला तर बुरशी धरतो, आणि त्यात बोगदा टिकत नाही.

मग कापसासारखं मऊ अंथरूण. दुकानात ते सगळ्यात गोंडस दिसतं, ढगासारखं. पण ब्रिटनमधल्या आरएसपीसीएसारख्या प्राणिकल्याण संस्था ते वापरू नका असंच सांगतात. बारीक तंतू पायाला गुंडाळले जातात, रक्तपुरवठा अडतो. हॅमस्टर ते गालात कोंबतो, थोडं गिळतो, आणि ते पोटात विरघळत नाही. आपल्याला मऊ ते त्याला सुरक्षित, असं समीकरण नाहीये.

राहिला कागद. वास नसलेला, न छापलेला, शाई नसलेला. विकतचा कागदी लगदा मिळतो, नाहीतर साधा टिश्यू पेपर फाडून द्या, बुंदी तो तासाभरात गालात भरून घरट्यात नेते. लाकूडच हवं असेल तर वास नसलेलं, धूळ चाळून काढलेलं, ॲस्पेनसारखं. पाइन असेल तर निदान भट्टीत तापवून वाळवलेलं, कारण उष्णतेने उडणारी रसायनं बरीच कमी होतात. कळेल कसं? पाकीट उघडून नाक घाला. वास आला तर नको. मूठभर वरून सोडा. उजेडात धूळ उडताना दिसली तर नको. एवढी दोन मिनिटांची परीक्षा लाडूच्या वेळी मला सुचली असती तर...! असो.

आठ फुटांकडे परत

आतापर्यंतचा इतिहास 'कशाचं' या प्रश्नाचा होता. पण गेल्या पंचवीस वर्षांत प्रश्नच बदलला. आता विचारतात 'किती'.

१९९७ आणि १९९९ मध्ये जर्मनीतल्या हाले विद्यापीठाचे रोल्फ गाटरमान आणि त्यांचे सहकारी पुन्हा त्याच भागात गेले, उत्तर सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तान. जंगली सोनेरी हॅमस्टरची बिळं त्यांनी नीट मोजली. खोली ३६ ते १०६ सेंटिमीटर, सरासरी साधारण ६५. सरळ खाली उतरणारं भोक, आत झोपायची खोली, धान्याची खोली आणि मुतायला वेगळा बंद बोगदा. होय, वेगळं बाथरूम! आणि एका बिळात एकच मोठा हॅमस्टर, दुसरा नाही. अहारोनींचे ८ फूट म्हणजे जवळपास अडीच मीटर. या मोजमापात तेवढं खोल बीळ एकही सापडलं नाही. जुन्या आठवणीपेक्षा मोजपट्टी बरी, हे इतिहासातही लागू पडतं. पण सरासरी ६५ म्हटलं तरी आपल्या पिंजऱ्यातल्या दोन बोटं भुशाचं काय?

नेमकं हेच स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी तपासलं. हाउझेनबर्गर, गेबहार्ट-हेनरिश आणि श्टायगर यांचा अभ्यास २००६ मध्ये छापला गेला. ४५ नर हॅमस्टर, तीन गट. एकाला १० सेंटिमीटर अंथरूण, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ८०. १० सेंटिमीटरवाले तारा जास्त कुरतडत होते आणि चाकावर जास्त पळत होते. ८० सेंटिमीटरवाल्यांनी तारा कुरतडल्याच नाहीत. खोल अंथरूण मिळालेले स्वतःचं बीळ खणून त्यात राहिले.

तारा कुरतडत होते. कट् कट् कट्.

मंडळी, हे वाचताना मला माझी ती रील आठवली. 'जेल तोडायची तयारी.' मी विनोद केला होता आणि तो अक्षरशः खरा होता. लाडूला खाली जायचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात काढूनही त्याच्या पायांना खाली माती असणार हे माहीत होतं, आणि खाली होती प्लास्टिकची तळी. ती रील मी त्या रात्री काढून टाकली. लाइक गेले, काही बिघडलं नाही.

आता बुंदीकडे

डॉक्टर मॅडमनी बुंदीला औषध दिलं आणि अंथरूण बदलायला सांगितलं. मी सुवासिक छिलके फेकले, साधा कागदी लगदा आणला. पिंजरा गेला, त्याजागी मोठी काचेची टाकी आली, वर हवेसाठी जाळी. त्यात तीस सेंटिमीटर अंथरूण, मधे थोडं सुकं गवत, म्हणजे बोगदा ढासळत नाही. ८० सेंटिमीटर माझ्या टेबलावर बसत नाही, पण दोन बोटांपेक्षा खूप बरं. तिने एक कोपरा बाथरूम ठरवलाय, गाटरमान यांच्या जंगली हॅमस्टरांसारखाच. मी रोज तेवढाच कोपरा काढतो, कारण ओल साठली की अमोनिया होतो आणि पुन्हा नाकाचा प्रश्न येतो. सगळं एकदम मात्र बदलत नाही. तिच्या घराचा वास तिच्याच अंगाचा असतो, तो एका दिवसात पुसला तर ती बावरते.

शिंका थांबल्या. औषधाने की अंथरुणाने? दोन्ही एकदम बदललं, त्यामुळे मला सांगता येणार नाही. हेस्टन असते तर त्यांनी मला आधी हेच विचारलं असतं.

एक तोटा झालाय, तो प्रामाणिकपणे सांगतो. बुंदी आता फारशी दिसत नाही. दिवसभर खाली. पाहुणे येतात, विचारतात, कुठाय तुझा हॅमस्टर? मी टाकीकडे बोट दाखवतो आणि त्यांना नुसता कागद दिसतो. माझी बहीण म्हणाली, "दादा, मग पाळून उपयोग काय? दिसत तर नाही!" मी तिला बेन-मेनाखेम यांच्या गवताच्या पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनाही आत काय चाललंय ते नीट दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच ते जमलं.

कधी कधी रात्री अकराच्या सुमारास काचेच्या कडेला बोगदा येतो. आतून दोन पाय माती ढकलल्यासारखा कागद ढकलत असतात, मग नाक दिसतं, मग ती पुढे निघून जाते. मी कॉलवर असलो तर माइक बंद करून बघत बसतो.

घरी हॅमस्टर असेल, किंवा भाच्यासाठी, मुलीसाठी आणायचा विचार असेल, तर एवढंच करा. आधी अंथरूण ठरवा, मग पिंजरा, आणि सगळ्यात शेवटी हॅमस्टर. आणि कोणी विचारलं, "खाली काय घालता?", तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. मला आलं नव्हतं.

आजच्यासाठी इतकंच. पुढच्या एपिसोडमध्ये पुन्हा माणसांकडे येऊ. तोपर्यंत काळजी घ्या. स्वतःची, आणि जे बोलू शकत नाहीत, फक्त शिंकू शकतात, त्यांचीही. नमस्कार!